टोक कुणी मोडलं?

१

कपाट उघडलं आणि अफशाचा हात किल्लीवरच थांबला.

वरच्या फळीवर दोन चाकू ठेवलेले होते. दोन्ही मिटणारे, दोन्ही दणकट, खिशात टाकले तर खिसा फाटेल अशा वजनाचे. डावीकडचा रघूने पेणला स्वतःच्या भट्टीवर घडवलेला. काळपट पातं, शिसवी मूठ. तो होता तसाच होता. उजवीकडचा तिच्या भावाने, यूनुसने, कुवेतहून आणलेला. त्याची मूठ तेवढी चकचकीत दिसत होती. तिने अंगठ्याने पातं उघडलं. खटका ‘टक्’ करून बसला. पात्याचं टोक मात्र नव्हतं. करंगळीच्या नखाएवढा तुकडा गायब होता आणि तिथे राखाडी, खरबरीत कड उरली होती.

“या अल्ला,” अफशा पुटपुटली.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात गुणाजीआबांच्या घराशेजारी भाताची जुनी कोठी होती. तिथेच आता मदत पथकाची खोली होती. आबांचा मुलगा सुशील वडखळच्या पुढे गाडीच्या अपघातात गेला. गाडीत तो बराच वेळ जिवंत होता. सीटचा पट्टा अडकला होता, लोक जमले होते, पण पट्टा कापायला कुणाकडे काही नव्हतं. त्यानंतर आबांनी रोह्या-पेणची पोरं गोळा केली. हायवेवर कुठेही गाडी उलटली की ही पोरं धावायची. आता पथकाने ठरवलं होतं की प्रत्येकाच्या खिशात एक भक्कम, मिटणारा चाकू असलाच पाहिजे. कोणता, ते अफशाने सांगायचं.

अफशा धाटावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची. लोखंडाचे तुकडे ताणून, वाकवून, मोडून बघायचे हाच तिचा धंदा. गावातले तिला प्रेमाने ‘मोडतोड मॅडम’ म्हणत.

मागच्या रविवारी पहिली फेरी झाली होती. बाजारातून आणलेल्या स्वस्त चाकूचा खटका वजन टांगताच घसरला आणि पातं मिटलं. हात मध्ये असता तर बोटं गेली असती. तो बाद झाला. यूनुसच्या चाकूने गाडीचा पट्टा एका ओढीत कापला. रघूच्या चाकूला दोन ओढी लागल्या, पण त्याचा खटका दुप्पट वजनाला हलला नाही. शिवाय यूनुसच्या एका चाकूच्या किमतीत रघूचे चार येत होते. सामना बरोबरीत सुटला. दुसरी फेरी उद्या, रविवारी होती. त्यात फक्त खटका आणि पट्टा तपासायचा होता.

मागून पावलं वाजली. यूनुस खोलीत आला. बहिणीच्या हातातला चाकू त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“रघ्यानं केलं हे,” तो म्हणाला. “दुसरं कोण करणार?”

२

“भाई, जरा दमानं घे,” अफशा म्हणाली. “रघू तुझा दोस्त हाय.”

“म्हणून तर जास्त लागतंय! आयटीआयला एका बाकावर बसलो आम्ही. माझ्या डब्यातली सुकट त्यानं खाल्ली. हरायची एवढी भीती वाटत होती तर मला सांगायचं होतं, मी चाकू आणलाच नसता.”

गलका ऐकून आबा ओटीवरून उठून आले. सत्तरीचे गुणाजीआबा, अंगाने काटक, डोक्याला पंचा. त्यांच्यामागे त्यांची सून मनाली आली. सुशीलमागे घर, शेत आणि पथकाचं चहापाणी, सगळं तीच बघायची. कपाटाची किल्ली तिच्या स्वयंपाकघरात खुंटीला असायची.

“किल्ली कुणी मागितली होती, मनालीभाभी?” अफशाने विचारलं.

मनाली घोटाळली. “रघूभाऊंनीच. गुरुवारी दुपारी आले होते. म्हणाले, माझ्या चाकूचा खिळा जरा ढिला वाटतोय, आवळून ठेवतो. मी दिली. परत पण करून गेले लगेच.”

“झालं!” यूनुसने मांडीवर थाप मारली. “अजून काय पाहिजे? उद्या सगळ्यांसमोर सांगतो. त्याचा चाकू बाद, आणि तो पथकातनं पण बाद.”

आबांनी घसा खाकरला. “अरे, असं एकदम... माझं ऐक, त्या चाकूचं...”

“आबा, गोळी घ्यायची राहिली तुमची!” दारातून आवाज आला. आबांची नात, मनालीची लेक पिंकी चहाचे कप घेऊन उभी होती. कॉलेजात जाणारी, एरवी वाऱ्यासारखी बोलणारी पोर, पण आज तिचा आवाज फाटल्यासारखा येत होता. गळ्याभोवती तिने जाड स्टोल गुंडाळला होता.

“काय गो, एवढ्या उन्हात?” अफशाने विचारलं.

“टॉन्सिल सुजलेत,” पिंकी म्हणाली. कप ठेवून तिने आबांचा हात धरला आणि त्यांना घरात घेऊन गेली.

मनाली कौतुकाने त्यांच्याकडे बघत राहिली. “बघ, कशी काळजी घेते आजोबांची. आणि आबा पण आताशा ऐकायला लागलेत हो. डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले, की तुम्हाला मध्येच चक्कर येते, स्कूटर सोडा. ऐकतील तर आबा कसले! या दोन दिवसांत स्वतःहून गाडीवर गोणपाट टाकलं नि बाजारात चालत गेले.” मग तिने उसासा टाकला. “पोरीचं मात्र लक्ष नाय कशात. माझ्या बहिणीनं दिलेली मोरपंखी ओढणी, शिमग्याला घालायची म्हणून ठेवलेली, वाळत टाकली नि गेली. माकडांनी नेली म्हणते.”

अफशाने चाकू रुमालात गुंडाळला. “मी पेणला जाऊन येते. तोवर भाई, तू कुणाला काही बोलायचं नाय. उद्यापर्यंत तोंड बंद. वचन दे.”

यूनुसने मान फिरवली. पण शेवटी हात पुढे केला.

रोह्याहून गाडी सुटली. कासूला गाडी थांबली तेव्हा अफशाच्या लक्षात आलं की आपण एवढा वेळ चाकूचा नाही, रघूचाच विचार करत बसलो आहोत. यूनुस कुवेतला गेला त्या वर्षी अब्बांना दवाखान्यात न्यायची वेळ आली होती. तासाभरात पेणहून टेम्पो घेऊन जो दारात उभा राहिला होता तो रघूच. तो असं करेल? आणि केलं असेल, तर आपण ते भाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पेणला रघूचं दुकान मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत होतं. वर्षभर तो मूर्तिकारांना कोरण्या करून द्यायचा, विळे-कोयते करायचा. मिटणारा चाकू ही त्याची हौस होती. तिला बघून त्याने भाता थांबवला, स्टूल पुसून पुढे केलं.

“अफशा! ये, ये. थंड मागवू?”

तिने रुमाल उलगडला. रघूने चाकू हातात घेतला, तुटकी कड उजेडात धरली. तिला वाटलं होतं, तो दचकेल किंवा चिडेल. रघूचे डोळे मात्र दुखावल्यासारखे झाले.

“कुणी रं असं केलं याला? काय सुंदर पातं होतं.”

“भाईला वाटतंय, तू.”

रघूने भात्याच्या दांडीवर हात टेकला. मग म्हणाला, “यूनुस असं म्हणला?”

“तू गुरुवारी कपाट उघडलं होतंस.”

“उघडलं. माझा चाकू काढला, खिळा आवळला, ठेवला. पण अफशा, तू इस्वास ठेव नाय तर नको ठेवू.” त्याने चाकू तिच्या हातात परत दिला. “गुरुवारी दुपारी कपाटात एकच चाकू होता. माझा. यूनुसचा तिथं नव्हताच.”

३

परतीच्या गाडीत अफशा त्या एका वाक्याला चिकटून बसली. रघू खोटं बोलत असेल तर ते फारच साधं खोटं होतं. कुणीही ऐकून हसलं असतं. मला वाटलं यूनुसनं घरी नेला असेल, म्हणून बोललो नाय, असं तो म्हणाला होता.

ती घरी गेली नाही. शनिवारची दुपारची शिफ्ट चालू होती, म्हणून तशीच कारखान्यातल्या तिच्या खोलीत गेली आणि चाकू भिंगाच्या यंत्राखाली ठेवला.

पोलाद कसं मोडलं हे पोलादच सांगतं. आधी तिने पात्याच्या बाजू पाहिल्या. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून मोडलं असतं तर दातांचे वळ असते. ते नव्हते. हातोड्याचा घाव असता तर खड्डा असता. तोही नव्हता. टोकाच्या दोन्ही बाजूंना फक्त बारीक ओरखडे होते आणि ओरखड्यांत सिमेंटची भुकटी. म्हणजे टोक कुठल्यातरी सिमेंटच्या फटीत खुपसून आडवं दाबलं होतं. एकाच झटक्यात, ताकदीने.

खटका मात्र शाबूत होता. इथे अफशा थबकली. उद्याची फेरी खटक्याची आणि पट्ट्याची होती. टोकाचा त्यात काही संबंध नव्हता. ज्याला हा चाकू हरवायचा असेल तो खटका बिघडवेल, धार बोथट करेल. टोक मोडून उद्याच्या निकालात तिळाएवढा फरक पडत नव्हता. आणि चाकू घडवणाऱ्या रघूला हे तिच्याइतकंच ठाऊक होतं.

मग टोक मोडायचं कशासाठी?

तिने भिंग आणखी जवळ आणलं. तुटलेल्या कडेच्या खरबरीत दाण्यांत काहीतरी अडकलं होतं. एक धागा. केसाहून बारीक, चमकदार, निळा-हिरवा. तिने चिमट्याने हळूच ओढला तर तो येईना, दाण्यांत घट्ट रुतला होता.

अफशाने चिमटा खाली ठेवला. धागा तुटलेल्या जागेवर होता. तुटण्याआधी ती जागा पोलादाच्या पोटात होती, तिथे धागा शिरणार कुठून? म्हणजे आधी टोक मोडलं आणि त्यानंतर या चाकूने कापड कापलं गेलं.

चांगल्या चाकूचं टोक मुद्दाम मोडून मग कोण कापड कापेल?

ती खुर्चीत मागे रेलली. तिला गळ्यातला जाड स्टोल आठवला. माकडांनी नेलेली मोरपंखी ओढणी आठवली, आणि गोणपाटाखाली गप्प उभी असलेली स्कूटर.

कापडामागे असं काहीतरी होतं की ज्याला टोक लागून चालणार नव्हतं. कापडामागे गळा होता.

४

आबा खळ्यावर होते. वालाच्या शेंगा झोडपून झाल्या होत्या आणि ते सुपाने वाल पाखडत बसले होते. ऊन उतरायला लागलं होतं. अफशा त्यांच्यासमोर मातीतच बसली. रुमाल उलगडून तिने चाकू मध्ये ठेवला, आणि त्याच्या शेजारी कागदाच्या पुडीत, जपून सोडवलेला तो धागा.

आबांनी धाग्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं.

“पोरगी जगली, अफशा,” ते म्हणाले. “एवढंच मला कळतंय. बाकी माझं डोकं चालत नाय.”

“मला सगळं सांगा, आबा.”

“चाकू मीच काढला होता. बुधवारी. म्हटलं, एवढं कौतुक चाललंय, बघू तरी बांबूला कसा लागतो. मिटणाऱ्या चाकूवर माझा इस्वासच नव्हता गो. खिशाला अडकवला नि तसाच राहिला. गुरुवारी संध्याकाळी पिंकी म्हणली, आबा, मला कॉलेजातनं आणायला या. मनाली तोवर शेतावर गेली होती. मी गाडी काढली. चक्कर बिक्कर काय नव्हती, पण मनाई होती ती होती.” आबांनी पंचा सोडून तोंड पुसलं. “कालव्याच्या मोरीपाशी आलो. गाडी हळूच होती. मागनं पोरीचा आवाज आला, अर्धाच. मी ब्रेक दाबला. आडवे पडलो. बघतो तर ओढणी चाकात गुंडाळलेली. पोरीचं डोकं चाकाला जाऊन भिडलेलं. मधे बोट घालायला जागा नाय.”

अफशाने चाकू उचलून पात्याकडे पाहिलं.

“पातं उघडलं. एका हातानं उघडलं बघ, माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं. ओढणीखाली सरकवायला गेलो नि टोक गळ्याला लागलं. रक्ताचा ठिपका आला. माझा हात असा असा हलत होता.” त्यांनी हात पुढे धरला. तो आताही थरथरत होता. “म्हटलं, गुणाजी, चाकापासनं वाचवशील नि हातानं मारशील. मोरीच्या कठड्याला चीर होती. त्यात टोक घातलं नि सगळं अंग टाकलं. कट् झालं. मग तो बोथट भाग गळ्यालगत सरकवला नि ओढला. एका ओढीत सुटली. रात्री चाकू तसाच कपाटात ठेवून दिला.”

खळ्यापलीकडे कुणीतरी गाय हाकत होतं. आबा तिकडे बघत राहिले.

“मग सकाळी बोलला का नाहीत?”

“बोलायला गेलो, तर पिंकीनं ओढून नेलं. तिला वाटतं, आईला कळलं तर आई आबाला घरातनं हलू देणार नाय. नि मला वाटतं...” त्यांनी सूप उगाच पुढे ओढलं. “मनालीचा नवरा रस्त्यावर गेला. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझी पोर पण मी जवळजवळ घालवली होती?”

अफशाने त्यांचा हात धरला. “आबा, मी सांगणार नाही. पण उद्या सकाळी भाई सगळ्यांसमोर रघूचं नाव घेईल.”

आबांनी मान हलवली. ‘हो’ म्हणाले की ‘नाही’, ते तिला कळलं नाही.

५

रविवारी खळ्यावर पथक जमलं. रोह्याची पोरं, पेणची पोरं. रघू आला आणि एकटाच कडेला उभा राहिला. यूनुस त्याच्याकडे बघत नव्हता. पिंकी ओटीवर आईच्या मागे उभी होती, गळ्याला तोच स्टोल.

यूनुस पुढे झाला. “चाचणीच्या आधी मला काहीतरी सांगायचंय...”

“आधी मी,” आबा म्हणाले.

ते मधोमध येऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. गाडी आपण काढली हे सांगितलं, हात थरथरला तेही सांगितलं. बोलताना ते पथकाकडे बघत नव्हते, फक्त मनालीकडे बघत होते. 

मनाली वळली. तिने पिंकीच्या गळ्यातला स्टोल उलगडला. आत निळसर पडलेला वळ होता, आणि मधोमध मोहरीएवढी खपली. तिने त्या खपलीवर बोट ठेवलं. मग लेकीचं मनगट धरून तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

आबा तिथेच खाली बसले.

सगळ्यांत आधी हलला तो यूनुस. तो रघूजवळ गेला. 

“काय बोलणार होतास?” रघूने विचारलं.

“तुझं नाव घेणार होतो.”

“अफशा बोलली मला.”

“मार एक कानाखाली.”

“मारली असती,” रघू म्हणाला, “पण तू चाकू चांगला आणलास रं. त्या पात्याला अंगठा घालायचं भोक हाय ना, म्हणून आबांना एका हातानं उघडता आला. माझा असता तर दोन हात लागले असते. दुसऱ्या हातानं पोरीचं डोकं कोण धरणार होतं? आबांचं ऐकताना हेच मनात आलं.”

यूनुसने त्याचा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अफशाने चाचणी घेतली, कारण घ्यायची ठरली होती. मोडक्या टोकाच्या चाकूने पट्टा पुन्हा एका ओढीत कापला. टोकाची गरज कधी नव्हतीच. वजन टांगल्यावर मात्र त्याचा खटका शेवटी किंचित सरकला, रघूचा सरकला नाही. तिने दोन्ही चाकू हातात घेतले.

“खटका नि पोलाद रघूचं,” ती म्हणाली. “अंगठ्याचं भोक यूनुसच्या चाकूसारखं. धारेचा कोन पण त्याचाच. आणि टोक बोथट, गोल. आबांनी मोडलं तसं. यूनुसच्या एका चाकूच्या किमतीत असे चार होतात, पथकातल्या चौघांना पुरतात. माझा निकाल हा.”

“नमुना म्हणून माझा चाकू ठेव,” यूनुस रघूला म्हणाला. “माझी सुट्टी अजून हाय. भाता ओढायला येतो उद्यापासनं.”

“तुला जमेल? तिकडं एसीत बसून बसून...”

“बघ तर खरं.”

पोरं हसली. हळूहळू पांगली. आबा मात्र जागचे उठले नव्हते. ऊन वर चढलं, खळ्यावरची सावली भिंतीला जाऊन चिकटली. अफशाचाही पाय निघेना. ती आबांशेजारी बसून वाल निवडत राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. एकदा पिंकीच्या रडण्याचा आला आणि थांबला.

शेवटी दार उघडलं. मनाली उंबऱ्यात उभी होती. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. ती आबांकडे बघत राहिली.

“गाडी विकायची,” ती म्हणाली.

“व्हय,” आबा म्हणाले.

“माझ्यापासनं परत काही लपवायचं नाय. दोघांनी पण.”

“नाय लपवणार.”

  मग ती पायऱ्या उतरून खळ्यावर आली, आबांसमोर वाकली आणि त्यांचा तो थरथरता उजवा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. आबा ओक्साबोक्शी रडायला लागले. लहान मुलासारखे, पंचा तोंडात धरून.

“उठा आता,” मनाली त्यांना हाताला धरून उठवत म्हणाली. “कालपासनं जेवला नाहीत धड. वालाचं बिरडं केलंय. अफशा, तू पण चल गो, तुझं पान मांडलंय.”

पानावर बसल्यावर आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि हात आखडता घेतला. मनालीने न विचारता तिसरी वाढली. पिंकी आबांना चिकटून बसली होती. तिने त्या भाकरीतला अर्धा तुकडा उचलून स्वतःच्या ताटात घेतला, आणि आज पहिल्यांदाच घास गिळताना तिचा चेहरा वाकडा झाला नाही.